बंद पाकिटाचे गणित : कार्डांचा छंद आणि घरची बचत

घरखर्चाच्या वहीत किराणा, वीजबिल, शाळेची फी, औषधपाणी यांना आपापले रकाने असतात. मुलांच्या छंदांना मात्र बहुधा स्वतंत्र रकाना नसतो. तो खर्च 'किरकोळ' या सदरात जातो आणि महिनाअखेरीस त्या सदराची बेरीज पाहून वडीलधारी मंडळी चकित होतात. शहरी घरांतून या 'किरकोळ' सदरात ठळकपणे दिसू लागलेली एक बाब म्हणजे अदलाबदलीच्या कार्डांचा खेळ, अर्थात ट्रेडिंग कार्ड गेम. पोकेमॉन, मॅजिक, यु-गि-ओ ही नावे ज्यांच्या घरी शाळकरी मुले आहेत त्यांना नव्याने सांगावयास नकोत.

हा छंद वाईट नाही. त्यात वाचन आहे, आकडेमोड आहे, डावपेच आहेत आणि मित्र आहेत. अडचण आहे ती खरेदीच्या पद्धतीची. ती पद्धत समजून घेतली, तर तोच आनंद पूर्वीच्या खर्चाच्या एका छोट्या हिश्शात मिळू शकतो, हे या लेखात हिशेबानिशी दाखवावयाचे आहे. उदाहरणासाठी चेन्नई शहर घेतले आहे. बदलीच्या वा व्यवसायाच्या निमित्ताने तेथे जाणारी मराठी कुटुंबे पुष्कळ आहेत. शिवाय तेथील दमट हवा, तेथील खेळांची परंपरा आणि संग्राहकांच्या जुन्या सवयी या विषयाला अनेक अंगांनी उपयोगी पडतात.

पूर्ण संच आणि अपूर्ण पाकीट

पत्त्यांचे खेळ आपणांस नवे नाहीत. सावंतवाडीची गंजिफा प्रसिद्धच आहे. दशावतारी गंजिफेत दहा अवतारांचे दहा रंग, प्रत्येक रंगात बारा पाने, अशी एकूण १२० पाने असतात. गंजिफा विकत घेणारा मनुष्य १२० पानेच घेतो. आज आपण वापरतो तो ५२ पानांचा जोडही तसाच. विकणाऱ्याला आणि घेणाऱ्याला, दोघांनाही पेटीत काय आहे ते आधीच ठाऊक असते.

ट्रेडिंग कार्ड गेमने ही रीत बदलली. रिचर्ड गार्फिल्ड या अमेरिकन गणितज्ञाने रचलेला 'मॅजिक : द गॅदरिंग' हा खेळ १९९३ साली 'विझर्ड्स ऑफ द कोस्ट' या कंपनीने बाजारात आणला. या खेळात शेकडो निरनिराळी कार्डे असतात आणि त्यांतून निवड करून खेळाडू स्वतःचा डाव, म्हणजे 'डेक', बांधतो. कार्डे मात्र बंद पाकिटांतून विकली जातात. पाकिटात कोणती कार्डे निघतील हे फोडल्याशिवाय कळत नाही. काही कार्डे मुबलक छापली जातात, काही मध्यम आणि काही फारच थोडी. १९९६ मध्ये जपानात पोकेमॉनचा कार्डखेळ आला तोही याच धर्तीवर. भारतात २००३ साली कार्टून नेटवर्कवर पोकेमॉन मालिका सुरू झाली आणि ही पात्रे घरोघरी पोहोचली.

थोडक्यात, गंजिफेचा ग्राहक खेळ विकत घेत असे. बंद पाकिटाचा ग्राहक खेळाचा एक तुकडा आणि त्यासोबत एक शक्यता विकत घेतो. पैसा जास्त जातो तो या शक्यतेवर. बचतीचे सारे मार्ग या एका गोष्टीतून निघतात.

एक नमुना कुटुंब

समजा, एक मराठी कुटुंब पुण्याहून बदली होऊन चेन्नईच्या वेळाचेरी भागात राहावयास आले आहे. मुलगा बारा वर्षांचा, सातवीत. त्याला तमिळ येत नाही. वर्गात आणि इमारतीच्या आवारात बोलावयाचे कसे, हा त्याच्यापुढील पहिला प्रश्न. आवारातील मुले संध्याकाळी पोकेमॉनची कार्डे घेऊन बसतात. कार्डांवरील मजकूर इंग्रजीत असतो, खेळाचे नियम सर्वांना सारखे असतात आणि एक डाव खेळण्यास फारशी भाषा लागत नाही. आठवड्याभरात मुलाला दोन मित्र मिळतात. अशा वेळी आईवडिलांनी कार्डांवर सरसकट बंदी घातली, तर पैसे वाचतील. पण नव्या गावात मुलाला नुकतीच सापडलेली ओळखीची वाट बंद होईल.

दुसरीकडे, खर्चही दुर्लक्ष करण्याजोगा राहत नाही. हिशेब सोपा व्हावा म्हणून एका पाकिटाची किंमत रु. १०० धरू, प्रत्यक्ष किमती संचानुसार आणि दुकानानुसार वेगळ्या असतात. मुलगा आठवड्याला दोन पाकिटे घेत असेल, तर आठवड्याचे रु. २०० होतात. ही रक्कम बाहेरच्या एका खाण्याइतकी वाटते. परंतु वर्षाचे ५२ आठवडे धरले, तर ती रु. १०,४०० होते. त्या दहा हजारांतून घरात नेमके काय आले, असे विचारले तर उत्तर मिळते : हजारभर कार्डे, त्यांतील बरीचशी पुनःपुन्हा आलेली, ज्यांना मुले 'डबल' म्हणतात.

'डबल' का येतात?

हा नशिबाचा दोष नव्हे. संभाव्यतेच्या गणितात या प्रश्नाचे निश्चित उत्तर आहे.

एका संचात १०० निरनिराळी कार्डे आहेत, सर्व सारख्याच प्रमाणात छापली आहेत आणि एका पाकिटात दहा कार्डे येतात, असे समजा. पहिल्या पाकिटातील जवळजवळ सर्व कार्डे आपणांस नवी असतील. पण संग्रह वाढू लागतो तसतशी नवे कार्ड निघण्याची शक्यता कमी होत जाते. ९९ प्रकार जमले आणि एकच उरला, की पुढचे कार्ड तेच असण्याची शक्यता शंभरांत एक राहते. केवळ त्या शेवटच्या कार्डासाठी सरासरीने आणखी १०० कार्डे घ्यावी लागतात.

या रीतीने हिशेब केल्यास पुढील आकडे मिळतात.

– पहिले ५० प्रकार जमण्यास सरासरी सुमारे ६९ कार्डे, म्हणजे सात पाकिटे लागतात.
– ८० प्रकार जमण्यास सुमारे १५९ कार्डे, म्हणजे सोळा पाकिटे लागतात.
– सर्व १०० प्रकार जमण्यास सुमारे ५१९ कार्डे, म्हणजे बावन्न पाकिटे लागतात.

वाचकांनी मधला आणि शेवटचा आकडा शेजारी ठेवून पाहावा. पहिल्या ८० प्रकारांना १६ पाकिटे, आणि उरलेल्या २० प्रकारांना तब्बल ३६ पाकिटे. रु. १०० च्या भावाने पहिला टप्पा रु. १,६०० चा, दुसरा रु. ३,६०० चा. आता हीच उरलेली २० कार्डे पाकिटे न फोडता सुटी विकत घेतली आणि प्रत्येकी रु. ४० पडले असे धरले, तरी रु. ८०० च होतात. एकूण खर्च रु. ५,२०० वरून रु. २,४०० वर येतो. संच तोच, कार्डे तीच. वाचले ते रु. २,८००.

प्रत्यक्षात सर्व कार्डे सारख्या प्रमाणात छापली जात नाहीत, म्हणून खरी स्थिती याहून कठीण असते. मॅजिकमध्ये २००८ साली 'मिथिक' नावाचा अतिदुर्मीळ वर्ग सुरू झाला. सुमारे आठ पाकिटांतून एका पाकिटात असे कार्ड येई, आणि एका मोठ्या संचात अशी १५ निरनिराळी कार्डे असत. तेव्हा आपणांस हवे असलेले विशिष्ट मिथिक कार्ड ढोबळमानाने १२० पाकिटांतून एकदा मिळणार.

येथे आणखी एक गैरसमज दूर केला पाहिजे. 'पन्नासात एक' अशी शक्यता असलेले कार्ड पन्नास पाकिटे घेतली की मिळतेच, असे पुष्कळांना वाटते. तसे नाही. पन्नास पाकिटे घेऊनही ते न मिळण्याची शक्यता सुमारे ३६ टक्के असते. शंभर पाकिटांनंतरही १३ टक्के लोक रिकाम्या हातीच राहतील. प्रत्येक पाकीट आधीच्या पाकिटांची आठवण ठेवीत नाही. 'एवढे पैसे गेले, आता पुढच्यात निघेलच' हा विचार मनात आला, की तेथेच थांबावे.

तमिळनाडू सरकारने जानेवारी २००३ मध्ये राज्यात लॉटरीच्या विक्रीवर बंदी घातली. रोजंदारीवरील अनेक कुटुंबांची कमाई तिकिटांत जात असे, हा त्यामागील अनुभव होता. कार्डांची पाकिटे खेळणी म्हणून विकली जातात आणि प्रत्येक पाकिटातून काही ना काही मिळतेच, म्हणून दोहोंची तुलना सर्वस्वी जुळत नाही. तथापि पाकीट फोडतानाची उत्सुकता आणि हुकल्यावर लगेच दुसरे घेण्याची ओढ ही त्याच जातीची आहे, हे पालकांनी ध्यानात ठेवावे.

बचतीचे मार्ग

*१. आरंभ तयार डेकने करावा.* नवशिक्यांसाठी कंपन्या खेळण्यास सिद्ध असे डेक विकतात. पोकेमॉनच्या डेकमध्ये ६० कार्डे असतात आणि कोणती आहेत हे आधी कळते. गंजिफेच्या पेटीसारखाच हा व्यवहार आहे. दोन भावंडांसाठी दोन तयार डेक घेतले, की महिनोन्महिने खेळता येते.

*२. हवे ते कार्ड सुटे घ्यावे.* एखादे विशिष्ट कार्ड हवे असल्यास त्याच्या आशेने पाकिटे फोडू नयेत. सुट्या कार्डाची किंमत विचारावी आणि ती किती पाकिटांइतकी आहे ते पाहावे. चेन्नईला जुन्या वस्तूंच्या खरेदीची परंपरा आहे. १९८५ साली आगीत नष्ट झालेले तेथील मूर मार्केट जुन्या पुस्तकांसाठी कित्येक पिढ्यांच्या स्मरणात आहे. जुने पुस्तक वाचण्यास जसे नव्याइतकेच उपयोगी, तसे हाताळलेले कार्ड खेळण्यास नव्याइतकेच उपयोगी असते. कोपरे किंचित झिजलेले कार्ड संग्राहकाला नको असते, म्हणून खेळाडूला ते स्वस्त मिळते.

*३. साधी छपाई घ्यावी.* एकच कार्ड अनेकदा दोन-तीन रूपांत छापले जाते : एक साधे, एक चकाकते, एक पूर्ण चित्राचे. नाव तेच, मजकूर तोच, खेळातील ताकदही तीच. किमतीत मात्र मोठे अंतर. सांगली जिल्ह्यातील खानापूर-आटपाडी भागातून सोन्याचांदीच्या गलाईसाठी देशभर गेलेली मराठी कुटुंबे तमिळनाडूतही स्थिरावली आहेत. दागिन्याची घडणावळ वेगळी आणि सोने वेगळे, हे गलाईवाल्याला शिकवावे लागत नाही. कार्डाच्या बाबतीतही चमक आणि उपयोग यांची किंमत वेगवेगळी मांडावी.

*४. अदलाबदल करावी.* या खेळाच्या नावातच अदलाबदल आहे, आणि आपण नेमके तेच विसरतो. वरील उदाहरणातील संच तीन मित्रांनी प्रत्येकी १६ पाकिटे घेऊन जमविला असे समजा. प्रत्येकाजवळ सुमारे ८० प्रकार असतील; पण तिघांचे मिळून जवळजवळ ९९ प्रकार होतील. एकट्याने तेवढे गाठण्यासाठी जो खर्च होतो, त्याच्या मानाने हा किती अल्प! एकाचे 'डबल' ते दुसऱ्याचे अडलेले कार्ड. चेन्नईत १९५६ साली स्थापन झालेल्या साउथ इंडिया फिलाटेलिस्ट्स असोसिएशनसारख्या तिकीट-संग्राहकांच्या संस्थांनी एकत्र येण्याची आणि देवघेवीची हीच रीत रुजविली. मुलांनी 'आहेत' आणि 'हवीत' अशा दोन याद्या वहीत ठेवाव्यात. मोठ्या मुलांनी लहानांना फसवू नये म्हणून 'बदल आज ठरवावा, कार्ड उद्या द्यावे' असा एक दिवसाचा नियम फार उपयोगी पडतो.

*५. सामाईक संग्रह करावा.* चेन्नई हे बुद्धिबळाचे शहर. विश्वनाथन आनंद लहानपणी तेथील मिखाईल ताल बुद्धिबळ क्लबात खेळत असत. अशा क्लबात पट सर्वांचा असतो. प्रत्येकाने स्वतःचा आणावा लागत नाही. इमारतीतील पाच-सहा घरांनी वर्गणी काढून चार तयार डेक घेतले आणि ते एका पेटीत ठेवले, तर कोणत्याही मुलाला कोणताही डेक घेऊन खेळता येईल. हरजीत तेव्हा अकलेवर ठरेल, वडिलांच्या खिशावर नव्हे. पाकिटेच घ्यावयाची असतील, तर पोकेमॉनची ३६ पाकिटांची पूर्ण पेटी वाटून घेतल्यास सुट्या पाकिटापेक्षा दर कमी पडतो का, ते विचारून पाहावे.

*६. अल्पखर्ची प्रकार निवडावा.* मॅजिकमध्ये 'पॉपर' नावाचा एक प्रकार आहे. त्यात केवळ सामान्य वर्गाची, म्हणजे सर्वांत मुबलक छापलेली कार्डे वापरता येतात. खेळाडूंमध्ये रूढ असलेल्या या प्रकाराला कंपनीने २०१९ मध्ये सर्व ठिकाणी एकसारखे नियम देऊन मान्यता दिली. घरगुती खेळातही मित्रांनी 'दुर्मीळ कार्ड वापरावयाचे नाही' किंवा 'डेकचा खर्च अमुक रुपयांवर नको' असे आपसांत ठरविण्यास कोणाची हरकत नसते. अधिकृत स्पर्धांच्या नेहमीच्या प्रकारात जुने संच ठराविक काळाने बाद होतात आणि नवी खरेदी करावी लागते. घरी खेळणाऱ्यास ती सक्ती नाही.

*७. बनावट मालापासून सावध राहावे.* रस्त्यावर व ऑनलाइन फार स्वस्तात मिळणारी सोनेरी चकाकीची कार्डे बहुधा बनावट असतात. अस्सल पोकेमॉन कार्डाची कड निरखून पाहिल्यास कागदाच्या दोन थरांमध्ये एक गडद रेघ दिसते. पाठीचा रंग, अक्षरांची ठेवण आणि जाडी ओळखीच्या अस्सल कार्डाशी ताडून पाहावी. बनावट कार्ड स्पर्धेत चालत नाही आणि बदल्यातही कोणी घेत नाही. म्हणजे ते कितीही स्वस्त मिळाले तरी महागच.

परदेशी संकेतस्थळावरून मागणी नोंदविताना कार्डाच्या किमतीखेरीज टपालखर्च, परकीय चलनाचे शुल्क, सीमाशुल्क आणि कर यांची बेरीज आधी करावी. लहानशा खरेदीत हा वरखर्च मूळ किमतीहून अधिक होऊ शकतो.

दमट हवेत सांभाळ

जे सांभाळले ते पुन्हा घ्यावे लागत नाही. समुद्रकाठच्या शहरात हा मुद्दा विशेष महत्त्वाचा. चकाकत्या कार्डात कागदावर पातळ धातूसदृश पापुद्रा असतो. कागद हवेतील ओल शोषतो, पापुद्रा शोषत नाही. म्हणून कार्ड वाकते. चेन्नईप्रमाणेच मुंबई, रत्नागिरी, पणजी येथील वाचकांनाही हा अनुभव येईल. उपाय साधा आहे. खेळावयाची कार्डे प्लास्टिकच्या पातळ आवरणात, म्हणजे 'स्लीव्ह'मध्ये घालावीत. बाकीची घट्ट झाकणाच्या डब्यात ठेवून त्यात सिलिका जेलच्या पुड्या टाकाव्यात. बुटांच्या खोक्यातून येणाऱ्या पुड्याही चालतात, मात्र त्या लहान मुलांच्या हाती लागू देऊ नयेत. डबा जमिनीवर वा पलंगाखाली ठेवू नये. डिसेंबर २०१५ चा पूर आणि डिसेंबर २०२३ मधील मिचाँग चक्रीवादळ या दोन्ही वेळी चेन्नईच्या सखल वस्त्यांतील तळमजल्यांवर पाणी शिरले होते. घरची महत्त्वाची कागदपत्रे जेथे ठेवता, त्याच उंचीवर मुलाचा डबाही ठेवावा. आपला छंद घराने मोजला, हे मुलाला त्यातून कळते.

कार्ड म्हणजे ठेव नव्हे

'ही कार्डे पुढे लाखांना विकली जातात' हे वाक्य मुले ऐकून येतात आणि काही पालकांनाही ते पटते. काही जुनी कार्डे फार मोठ्या किमतीस गेली आहेत, हे खरे. परंतु लाखो कार्डांतून ती थोडीच असतात. कार्डाला व्याज नाही, लाभांश नाही, निश्चित मुदत नाही. त्याची किंमत कंपनीच्या पुढील छपाईवरही अवलंबून असते. १९९५ साली मॅजिकच्या जुन्या कार्डांची 'क्रॉनिकल्स' या नावाने फेरछपाई झाली तेव्हा संग्राहकांजवळील अनेक कार्डांचे भाव उतरले, आणि त्यांच्या नाराजीनंतर १९९६ मध्ये काही कार्डे पुन्हा न छापण्याचे वचन कंपनीला जाहीर करावे लागले. अमेरिकेत १९८० च्या दशकाच्या उत्तरार्धात बेसबॉल खेळाडूंची कार्डे 'गुंतवणूक' म्हणून लोकांनी साठविली. ती इतकी भरमसाट छापली गेली होती की त्यांतील बहुतेकांना आज किरकोळ भाव येतो. ज्या गोष्टीचा साठा सर्वांनीच जपून ठेवला, ती दुर्मीळ राहत नाही.

म्हणून कार्डांवरील पैसा हा करमणुकीचा खर्च समजावा. तो खर्चाच्या रकान्यात लिहावा, बचतीच्या नव्हे. पुढेमागे दोन पैसे आलेच, तर आनंद मानावा.

बँकेची मदत

मुलाला हिशेब शिकविण्यास हा छंद उत्तम साधन आहे. वरील कुटुंबाने मुलाला महिन्याला रु. ४०० हातखर्च द्यावयाचे ठरविले असे समजा. त्याची विभागणी अशी करता येईल : रु. २०० बचत, रु. १५० कार्डे, रु. ५० इतर. वर्षाला कार्डांवर रु. १,८०० जातील. पूर्वीच्या रु. १०,४०० शी तुलना करता रु. ८,६०० चा फरक पडतो. हा फरक सातवीपासून बारावीच्या निकालापर्यंत सहा वर्षे टिकला, तर व्याज न धरताही रु. ५१,६०० होतात. महाविद्यालयीन प्रवेशाच्या वेळी एवढी रक्कम हाताशी असणे कोणत्याही नोकरदार घरास मोलाचे वाटेल.

*बचत खाते :* रिझर्व्ह बँकेच्या २१ एप्रिल २०२५ च्या सूचनांनुसार दहा वर्षे पूर्ण झालेल्या अज्ञान मुलांना बँकेने ठरविलेल्या मर्यादेत बचत व मुदत ठेव खाते स्वतः उघडता आणि चालविता येते. त्याहून लहान मुलांसाठी पालकांमार्फत खाते उघडता येते. आपल्या शाखेतील मर्यादा व सुविधा विचारून घ्याव्यात.

*आवर्ती ठेव :* वाचलेली रक्कम खात्यात पडून राहिली, तर ती खर्चाला मोकळी असते. दरमहा ठराविक रक्कम आवर्ती ठेवीत वळविण्याची स्थायी सूचना दिल्यास तो मोह उरत नाही.

*यूपीआय :* मुलाच्या हाती स्वतःचा फोन आणि पिन देऊ नये. २०२४ साली सुरू झालेल्या 'यूपीआय सर्कल' सुविधेत मुख्य खातेदाराला घरातील विश्वासू व्यक्तीस भरण्याची मुभा देता येते आणि प्रत्येक भरणा स्वतः मंजूर करण्याचा पर्यायही ठेवता येतो. कार्डे विकताना एक गोष्ट पक्की लक्षात ठेवावी : पैसे स्वीकारण्यासाठी पिन कधीच टाकावा लागत नाही. 'पैसे पाठवितो, पिन टाका' असे सांगणारा मनुष्य पैसे काढून घेत असतो. फसवणूक झाल्यास विनाविलंब बँकेस कळवावे आणि १९३० या राष्ट्रीय साहाय्य क्रमांकावर तक्रार नोंदवावी.

*मेळ्यांचे खर्च :* चेन्नईच्या नंदमबाक्कम येथील ट्रेड सेंटरमध्ये फेब्रुवारी २०२४ मध्ये कॉमिक कॉन प्रथमच भरले. अशा मेळ्यांत दिव्यांची झगमग आणि मित्रांची घाई यांमुळे खिसा लवकर सैल होतो. प्रवेशशुल्क, प्रवास, खाणे आणि खरेदी अशा चार रकमा घरीच ठरवाव्यात आणि खरेदीची रक्कम रोख, वेगळ्या पाकिटात द्यावी. ते पाकीट रिकामे झाले की खरेदी संपली.

स्वाध्याय

पालकांनी व मुलांनी एका रविवारी एकत्र बसून पुढील चार गोष्टी कराव्यात.

१. घरातील सर्व कार्डे मोजावीत. एकूण किती आणि निरनिराळी किती, हे दोन आकडे लिहावेत. पहिल्यातून दुसरा वजा केल्यास 'डबल' किती ते कळेल.

२. गेल्या तीन महिन्यांत कार्डांवर झालेला खर्च खातेउताऱ्यावरून काढावा. त्याला निरनिराळ्या कार्डांच्या संख्येने भागावे. एका नव्या कार्डाची खरी किंमत मिळेल. ती पाकिटावरील किमतीवरून काढलेल्या किमतीहून किती जास्त आहे, हे मुलानेच सांगावे.

३. हव्या असलेल्या पाच कार्डांची यादी करावी. प्रत्येक कार्ड बदल्यात मिळेल, सुटे घ्यावे लागेल की त्यावाचून चालेल, ते लिहावे.

४. एक नाणे पन्नास वेळा उडवावे आणि छाप-काटा लिहून ठेवावा. सलग पाच वेळा छाप पडल्यानंतर सहाव्या खेपेस काटाच पडतो का, ते तपासावे. नाण्यालाही मागची आठवण नसते, हे मुलाला स्वतःच्या डोळ्यांनी दिसेल.

दुसरा स्वाध्याय करताना पालकांनी रागावू नये. आकडा मुलाने स्वतः काढलेला असेल, तर त्याचा बोध त्याला आपोआप होतो. पुढच्या शनिवारी दुकानात उभे राहून 'बाबा, पाकीट नको, ते एक कार्ड सुटे मिळते का विचारा' असे मुलगा म्हणाला, तर सातवीच्या वर्षीच त्याला किंमत आणि मूल्य यांतला फरक कळला असे समजावे. मुदत ठेवीचा अर्ज भरताना, घरकर्जाचा हप्ता ठरविताना, किंवा 'हमखास दुप्पट' देणाऱ्या एखाद्या योजनेचे माहितीपत्रक हाती पडेल तेव्हा, हाच हिशेब त्याच्या उपयोगी येणार आहे.